बटण रंगवतं कोण?

व्हिज्युअल बेसिक ६ हे १९९८ साली आलं आणि पुढची काही वर्षं आपल्याकडच्या गल्लोगल्लीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये अनेकांची प्रोग्रॅमिंगशी पहिली ओळख त्यानेच करून दिली. फॉर्मवर एक बटण ओढायचं, त्यावर दोनदा क्लिक करायचं, चार ओळी लिहायच्या. झाला प्रोग्रॅम तयार. मग पहिली हौस सुचायची ती रंगाची. बटणाच्या गुणधर्मांच्या यादीत 'बॅककलर' नावाचा रकाना होता. त्यात लाल निवडला तरी बटण आपलं करड्याचं करडं. कोणीतरी जाणता सांगायचा, आधी 'स्टाइल' शोध, तिथे 'स्टँडर्ड'च्या जागी 'ग्राफिकल' कर. तसं केलं की बटण लाल व्हायचं. आता लालवर पांढरी अक्षरं हवीत म्हणून 'फोरकलर' शोधायला जावं, तर तो रकानाच नाही. लेबलला आहे, टेक्स्टबॉक्सला आहे, अख्ख्या फॉर्मला आहे. बटणाला मात्र नाही.

हा विसराळूपणा नव्हता. ते बटण व्हिज्युअल बेसिक काढतच नव्हतं, विंडोज काढत होतं. व्हिज्युअल बेसिकने फक्त मागणी नोंदवली होती. पडद्यावरचं बटण, यादी, चेकबॉक्स, स्क्रोलबार यांना प्रोग्रॅमर मंडळी 'कंट्रोल' म्हणतात, आणि कोणत्याही कंट्रोलचं रूप बदलायचं असेल तर आधी हेच विचारावं लागतं: हा रंगवतं कोण? या प्रश्नाची उत्तरं गेल्या चाळीस वर्षांत बदलत गेली, आणि प्रत्येक उत्तराचा भुर्दंड वेगळ्या माणसावर पडला.

विंडोजमध्ये बटण ही स्वतःच एक छोटी खिडकी असते. प्रोग्रॅमर विंडोजला सांगतो, अमुक जागी, अमुक लांबीरुंदीचं, 'बटन' वर्गातलं एक द्या. त्या वर्गाचं सगळं वागणं विंडोजच्या पोटात आधीच लिहून ठेवलेलं असतं. माऊस दाबला की बटण आत गेल्यासारखं दिसायचं. दाबलेला माऊस बटणाबाहेर सरकवून सोडला तर क्लिक धरायचा नाही, कारण माणसाने शेवटच्या क्षणी विचार बदललेला असतो. स्पेसबारनेही काम व्हायचं. टॅब दाबत दाबत फोकस बटणावर आला की आत ठिपक्यांची बारीक चौकट दिसायची. पडद्याचा तो तुकडा पुन्हा काढायची वेळ आली की विंडोज त्या छोट्या खिडकीला 'डब्ल्यूएम पेंट' नावाचा निरोप पाठवतं, आणि त्या निरोपाला उत्तर देणारा कोडही विंडोजचाच असतो. प्रोग्रॅमरच्या कानावर शेवटी एवढंच येतं, की बटण दाबलं गेलं.

१९९० साली विंडोज ३.० आलं तेव्हा या बटणाला उठाव मिळाला. युक्ती अगदी साधी: वरची आणि डावी कड पांढरी, खालची आणि उजवी कड गडद. प्रकाश वरून, डावीकडून पडतोय असं आपला डोळा धरून चालतो आणि सपाट करडा चौकोन उंच दिसायला लागतो. दाबताना छाया दुसऱ्या बाजूला नेली की तो खाली गेला. मोजक्या रेघांचं हे नाटक पुढे दहा वर्षं जगभरच्या कचेऱ्यांत चाललं.

हे रंगही पक्के नव्हते. बटणाचा पृष्ठभाग, त्यावरची अक्षरं, छाया, शीर्षकपट्टी या प्रत्येकाचा रंग कंट्रोल पॅनलमधून बदलता यायचा. १९९२च्या विंडोज ३.१ मध्ये 'हॉट डॉग स्टँड' नावाची लाल-पिवळी रंगयोजना होती. इतकी भडक, की तिची आजही चेष्टा होते. पण त्या चेष्टेत एक गोष्ट निसटते. रंग ठरवायचा अधिकार तेव्हा वापरणाऱ्याकडे होता, आणि तो सगळ्या प्रोग्रॅमांवर एकदम चालायचा. ज्याची दृष्टी अधू आहे तो काळ्यावर पांढरी, ठळक अक्षरं निवडायचा आणि पडद्यावरचं प्रत्येक बटण त्याच्यासाठी बदलायचं. अट एकच होती: प्रोग्रॅमरने रंग स्वतःच्या मनाने न ठरवता विंडोजला विचारावा. अनेकांनी तो अर्धाच विचारला. पार्श्वभूमी हट्टाने पांढरी ठेवली आणि अक्षरांचा रंग विंडोजवर सोडला. मग काळ्यावर पांढरं वाचणाऱ्या माणसाला पांढऱ्यावर पांढरं दिसू लागलं, म्हणजे काहीच दिसेना. ही चूक आजही नवनव्या प्रोग्रॅमांत भेटते.

प्रोग्रॅमरने रूप बदलायचंच ठरवलं तर विंडोजने त्याच्यासाठी काही दारं ठेवली होती. पहिलं दार रंगापुरतं. कंट्रोल काढण्याआधी विंडोज त्याच्या मालक खिडकीला विचारतं, कोणत्या ब्रशने रंगवू? टेक्स्टबॉक्स आणि लेबल हे उत्तर मानतात. साधं दाबायचं बटण प्रश्न विचारतं खरं, पण उत्तराकडे दुर्लक्ष करतं. व्हिज्युअल बेसिकच्या विद्यार्थ्याचा लाल रंग अडला होता तो इथे.

दुसरं दार 'ओनर-ड्रॉ'चं. यात विंडोज म्हणतं, वागणं मी सांभाळतो, चित्र तू काढ. दर वेळी ते एक चौकोन आणि बटणाची स्थिती हातात देतं: दबलेलं आहे का, बंद आहे का, फोकस आहे का. 'ग्राफिकल' हा पर्याय निवडल्यावर व्हिज्युअल बेसिक याच दाराने आत शिरायचं. इथपर्यंत सगळं सोपं वाटतं. खरी गंमत पुढे आहे. संवादाच्या चौकटीत एंटर दाबल्यावर जे बटण चालणार असतं, त्याला विंडोज जाड काळी कड देतं. ओनर-ड्रॉ बटणाला ही कड आपोआप मिळत नाही, कारण 'एंटरचं बटण' आणि 'मालकाने रंगवायचं बटण' हे दोन्ही एकाच खुणेच्या जागेत लिहिलेले प्रकार आहेत; एक निवडला की दुसरा पुसला जातो. आणखी एक. साध्या बटणावर भराभर क्लिक केलं तर प्रत्येक क्लिक मोजला जातो. ओनर-ड्रॉ बटण मात्र लागोपाठच्या दोन क्लिकना 'डबल क्लिक' समजतं आणि तसा वेगळा निरोप पाठवतं. तो निरोप ऐकायचा राहून गेला, तर नग वाढवायचं अधिकचं बटण घाईत दहादा दाबल्यावर आकडा पाचनेच वाढतो. रंग बदलायला निघालेल्या माणसाला हे कोणी आधी सांगत नाही. घर भाड्याचं, रंगाची परवानगी मागितली, आणि मालकाने पाण्याची मोटर चालू-बंद करायचं कामही गळ्यात घातलं, असा हा प्रकार.

तिसरं दार चोरवाटेचं म्हणावं असं. बटणाकडे जाणारे सगळे निरोप मध्येच अडवायचे, हवे तेवढे आपण हाताळायचे, उरलेले मूळ कोडकडे पुढे धाडायचे. याला 'सबक्लासिंग' म्हणतात. यात ताकद अफाट असते आणि चूक झाली की अख्खा प्रोग्रॅम कोसळतो. मॅकिंटॉशने १९८४ सालीच हेच काम जास्त सरळपणे केलं होतं. तिथे बटण काढणारा आणि त्याचा क्लिक ओळखणारा कोड हा एक सुटा तुकडा असायचा, आणि प्रोग्रॅमरला आपला तुकडा त्याच्या जागी बसवता यायचा.

महाराष्ट्रात याच काळात कंट्रोलचं रूप बदलायची एक वेगळीच गरज होती: बटणावर मराठी दिसायला हवं होतं. युनिकोड सर्वत्र पोचण्याआधी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सी-डॅकची आयएसएम ही आधाराची साधनं होती. त्यांच्या फाँटांत रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: कुठे काना, कुठे रफार, कुठे अर्धा स. बटणाचा फाँट बदलायचा, नावाच्या रकान्यात वरकरणी अर्थहीन रोमन अक्षरं भरायची, की बटणावर 'जतन करा' उमटायचं. फाँट बदलण्याची मुभा बटण देत होतं, त्यामुळे काम भागायचं. पण संदेशाची छोटी खिडकी विंडोज स्वतःच्या फाँटमध्ये काढतं, आणि तो फाँट प्रोग्रॅमरला बदलता येत नाही. त्यामुळे फॉर्मभर शुद्ध मराठी आणि चूक झाल्यावर येणाऱ्या सूचनेत मात्र रोमन अक्षरांचा कचरा, असं दृश्य दिसायचं. मग नाइलाजाने संदेशासाठीही स्वतःचा फॉर्म बनवला जायचा.

विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोड फाँट आणि जोडाक्षरं जुळवणारी यंत्रणा आली, तरी व्हिज्युअल बेसिक ६ चे कंट्रोल जुन्या आठ बिटांच्या संकेतावर अडकलेले होते. त्या संकेतांत देवनागरीला जागाच नव्हती. बटणाला युनिकोड मराठी दिलं की त्यावर प्रश्नचिन्हांची रांग उभी राहायची. ज्यांनी बटण स्वतः रंगवायला घेतलं त्यांच्यापुढे वेगळा पेच होता. इंग्रजीच्या सवयीने एकेक अक्षर सुटं काढत गेलं तर 'कि'मधली वेलांटी क च्या आधी येणं, 'र्म'मधला रफार पुढच्या अक्षरावर चढणं, हे काहीच होत नाही. ही जुळणी पूर्ण शब्द एकत्र दिल्यावरच होते. आणि उंची. इंग्रजी अक्षरांच्या मापाने बेतलेल्या बटणात 'र्की'चा वरचा भाग किंवा 'द्रू'चा खालचा भाग कापला जातो. बँकांच्या आणि सरकारी खात्यांच्या प्रोग्रॅमांत हा कापलेला उकार मी अजूनही पाहतो.

विनॲम्पने हा सगळा गुंता एका फटक्यात टाळला. जस्टिन फ्रँकेल आणि दिमित्री बोल्डिरेव्ह यांनी १९९७ साली आणलेल्या या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये विंडोजचं नेहमीचं बटण नव्हतंच. २७५ पिक्सेल रुंद आणि ११६ पिक्सेल उंच एवढी एक खिडकी, आणि तिच्यावर चिकटवलेली चित्रं. पुढच्याच वर्षी त्यांनी ही चित्रं बदलण्याचा अधिकार वापरणाऱ्याला देऊन टाकला. 'स्किन' म्हणजे काही बिटमॅप चित्रांची झिप फाईल, फक्त नावाचं शेपूट वेगळं. बटणांच्या चित्रात वरच्या ओळीत साधी बटणं, खालच्या ओळीत तीच दाबलेली. कोणतं बटण कुठे बसेल हे ठरलेलं. त्यात बदल करायची सोय नाही. म्हणजे स्किन करायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नव्हतं, पेंट उघडता आलं तरी पुरे होतं. शाळकरी पोरांनी लाकडाच्या, लोखंडाच्या, जपानी कार्टूनच्या, फुटबॉल संघांच्या स्किन बनवल्या. इंटरनेटवर आज त्यांचा संग्रह आहे आणि त्यात साठ हजारांहून जास्त स्किन आहेत.

माझ्या मते हे यश मोकळीकीपेक्षा मर्यादेचं आहे. जागा, मापं आणि वागणं पक्कं ठेवून फक्त पृष्ठभाग मोकळा सोडला होता. पुढे २००२ साली आलेल्या विनॲम्प ३ ने स्किनला आकार, हालचाल, स्वतःची भाषा असं सगळं दिलं. तो जड झाला, लोकांनी नाकारला, आणि कंपनीला पुढच्या आवृत्तीत जुन्या स्किन परत घ्याव्या लागल्या. अर्थात मूळ रचनेतही एक खोट होती. गाण्याचं नाव दाखवणारी अक्षरंही स्किनमधल्या चित्रातूनच उचलली जात, आणि त्या चित्रात रोमन अक्षरांपलीकडे फारसं काही नव्हतं.

विनॲम्प पाहून सगळ्यांनाच सुरसुरी आली. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया प्लेअरला २००० साली हिरव्या मानवी डोक्याच्या आकाराची स्किन होती. ॲपलनेही मॅक ओएस ८.५ साठी भन्नाट थीम तयार केल्या होत्या, पण १९९८ साली ती आवृत्ती बाजारात आली तेव्हा त्या काढून टाकलेल्या होत्या. ॲपलचा तो निर्णय मला पटतो. गाणं लावून माणूस दुसऱ्या कामाला लागतो, तिथे प्लेअर कसाही दिसला तरी चालतं. दिवसभर व्हाउचर भरणाऱ्या माणसाला बटण कुठे आहे हे शोधावं लागता कामा नये.

२००१च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज एक्सपी आलं आणि करड्या रेघांचं नाटक संपलं. निळी शीर्षकपट्टी, गोलसर कोपरे, माऊस वर आला की नारिंगी होणारी कड. आता बटणाचं रूप एका थीम फाईलमधल्या चित्रांतून येत होतं. लहानमोठ्या कुठल्याही बटणाला एकच चित्र पुरावं म्हणून त्याचे नऊ भाग धरले जात: चार कोपरे जसेच्या तसे, कडा एकाच दिशेने ताणायच्या, मधला भाग दोन्ही दिशांनी. मात्र हे रूप जुन्या प्रोग्रॅमांना आपोआप मिळत नव्हतं. प्रोग्रॅमबरोबर 'मॅनिफेस्ट' नावाची छोटी फाईल ठेवून सांगावं लागायचं, की मला नवे कंट्रोल चालतील. त्यामुळे निळ्या चौकटीत जुनी करडी बटणं असे कितीतरी प्रोग्रॅम पुढची अनेक वर्षं दिसत राहिले. ज्यांनी बटणं विंडोजवर सोडली होती त्यांना एका फाईलच्या बदल्यात नवं रूप फुकट मिळालं. ज्यांनी मेहनतीने स्वतः उठावदार कडा रंगवल्या होत्या, त्यांचे प्रोग्रॅम एका रात्रीत जुनाट दिसू लागले.

वापरणाऱ्याच्या हातून मात्र काहीतरी गेलं. एक्सपी फक्त मायक्रोसॉफ्टची सही असलेल्या थीम चालवायचं. निळा, ऑलिव्ह किंवा रुपेरी घ्या, नाहीतर जुन्या करड्यावर जा. हौशी लोकांनी विंडोजची एक फाईलच दुरुस्त करून ही सहीची तपासणी बंद पाडली.

दरम्यान विंडोजबाहेरच्या जगाने उलट बाजूने सुरुवात केली होती. नॉर्वेच्या ट्रोलटेकने बनवलेलं क्यूट, जावामधलं स्विंग, लिनक्सवरचं जीटीके या साधनसंचांनी सगळे कंट्रोल स्वतःच काढायचं ठरवलं. एकदा रंगवणारा आपणच झालो की रूप बदलणं सोपं व्हायला हवं. ते तितकं सोपं झालं नाही. क्यूटमध्ये २००६ पासून वेबपानांसारख्या स्टाइलशीट लिहिता येतात: बटणाला एका ओळीत हिरवी पार्श्वभूमी द्यायची. पण काही वेळा हिरवं काहीच दिसत नाही, कारण बटणाची मूळ कड त्या पार्श्वभूमीवर पूर्ण पसरून बसलेली असते. कडही आपण ठरवली की हिरवा दिसतो, मात्र मूळ रूप कायमचं जातं. स्क्रोलबार किंवा कॉम्बोबॉक्सचा एक भाग बदलला तर बाकीचे सगळे भागही आपल्यालाच सांगावे लागतात. फक्त बाणाचा रंग बदलायला गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत अख्खा स्क्रोलबार रंगवत बसतो.

या सगळ्यांत विचाराने सर्वात स्वच्छ वाटतं ते मायक्रोसॉफ्टचं डब्ल्यूपीएफ, हेही २००६ चंच. त्याने सांगितलं, की कंट्रोलला मुळात रूपच नसतं. बटण म्हणजे दाबता येणारी वस्तू, एवढंच. ती कशी दिसेल हे एका वेगळ्या साच्यात लिहायचं. साचा बदला, वागणं तसंच राहील. टेक्स्टबॉक्ससारखा कंट्रोल साच्याकडे एवढीच मागणी करतो, की मजकूर बसवायला ठरलेल्या नावाची एक जागा ठेव. व्यवहारात मात्र हा स्वच्छ विचारही घाम काढतो. माऊस वर आल्यावरचा फिकट निळा रंग मूळ साच्यातच पक्का लिहिलेला असतो, त्यामुळे तेवढा एक रंग बदलायला पूर्ण साचा उतरवून घ्यावा लागतो.

पडद्यावर न पाहता संगणक वापरणाऱ्यांना यातलं काय ऐकू येतं, हे पाहिलं म्हणजे या तऱ्हांमधला फरक नीट कळतो. ऑस्ट्रेलियात २००६ साली सुरू झालेला एनव्हीडीए हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पडद्यावरचे कंट्रोल बोलून दाखवतो, मराठीतही. त्याला रंग दिसत नाहीत. तो कंट्रोलला नाव, प्रकार आणि स्थिती विचारतो. ओनर-ड्रॉ बटण आतून खरं बटणच असतं, म्हणून ते नाव सांगतं. साचा बदललेलं डब्ल्यूपीएफचं बटणही सांगतं. पण विनॲम्पच्या पद्धतीने नुसत्या चित्रावर क्लिक पकडणारा चौकोन केला, आणि माहिती पुरवणारा कोड वेगळा लिहिला नाही, तर एनव्हीडीएच्या दृष्टीने तिथे काहीच नसतं. म्हणून रूप बदला, पण खऱ्या कंट्रोलवर बदला.

रंगवणारा कोण, यावरचं सर्वात उघड भांडण लिनक्सवर झालं. जीटीकेने २०११ साली थीमसाठी वेबची सीएसएस पद्धत स्वीकारली, आणि लिनक्सचे वेगवेगळे वितरक आपापल्या थीम सगळ्या प्रोग्रॅमांवर लादू लागले. कुठे मजकूर पार्श्वभूमीत विरून गेला, कुठे आयकॉनचा अर्थच बदलला, आणि तक्रारी मात्र प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडे आल्या. २०१९ साली त्यांच्यातल्या अनेकांनी जाहीर पत्र काढून वितरकांना विनंती केली, की आमच्या प्रोग्रॅमांवर तुमची थीम चढवू नका. वापरणाऱ्याने स्वतःच्या संगणकावर काय करावं याला त्यांची हरकत नव्हती. मला ही मागणी रास्त वाटते. ज्याने चाचणी घेतली नाही त्याने रूप बदलू नये, आणि ज्याला रोज पाहायचं आहे त्याला बदलायला कोणी अडवू नये.

तुम्ही स्वतः एखादा प्रोग्रॅम लिहीत असाल आणि बटणाला हात घालणार असाल, तर तो लोकांना देण्याआधी पाऊण तास बाजूला काढा. माऊस काढून ठेवा आणि फक्त टॅब, स्पेसबार, एंटर यांवर सगळं होतंय का बघा. फोकस कुठे आहे ते दिसतंय का बघा. विंडोजचा हाय कॉन्ट्रास्ट चालू करा. पडद्याचं माप दीडशे टक्के करा. एनव्हीडीए सुरू करून पडदा बंद करा आणि ऐका. शेवटी बटणाच्या नावात 'शुद्ध मार्कशीट' किंवा 'दुरुस्ती पूर्ण' असं काहीतरी टाका आणि खालचे उकार, वरचे रफार शाबूत आहेत का ते तपासा. एवढं जमलं, तर रंग कोणताही द्या.